देवांच्या डोंगरावरचे बटाटे

दिवाळीच्या सुमारास पुढच्या वर्षाची दिनदर्शिका घरात आली, की तिच्यावरचा शालिवाहन शकाचा आकडा मी आधी पाहतो. इतिहासाच्या मास्तराची ही जुनी खोड आहे. घरातली मुले हसतात. लग्नपत्रिका आणि पंचांग सोडले तर तो आकडा आता कोणाच्या उपयोगी पडतो, असे त्यांचे म्हणणे. आणि ते अगदीच खोटे नाही. पण हाच शक मला गेल्या वर्षी घरापासून हजारो मैलांवर, धुक्याने भरलेल्या एका डोंगरावर भेटला, आणि परमुलखात आपल्या आळीतला माणूस अचानक समोर यावा तसे मला झाले.

माझा भाचा नोकरीनिमित्त जकार्त्याला असतो. "मामा, एकदा जावा बघायला या, बोरोबुदुर दाखवतो," असे तो तीन वर्षे म्हणत होता. अखेर गेलो. बोरोबुदुर पाहिले. त्याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मी त्यात भर घालीत नाही. मला सांगायचे आहे ते तिथून वायव्येला, मोटारीने तीनेक तास चढत गेल्यावर लागणाऱ्या दिएंग पठाराविषयी, आणि त्याहूनही अधिक त्या पठाराच्या कडेला, आणखी वर बसलेल्या सेंबुंगान नावाच्या एका शेतकरी खेड्याविषयी.

वाटेत वोनोसोबो हे तालुक्यासारखे दिसणारे, पण जिल्ह्याचे गाव लागते. जावाची माणसे 'अ'चा उच्चार पुष्कळदा 'ओ'कडे झुकवतात. ते ध्यानात घेऊन गावाचे नाव पुन्हा उच्चारा: वनसभा! रानातली बैठक. तिथून रस्ता डोंगराला वळसे घालीत चढू लागतो. आधी चहाचे मळे लागतात, मग कोबी, मग बटाटा. रानातल्या बैठकीपासून निघालो खरा, पण रान काही दिसेना.

दिएंग म्हणजे 'दि-ह्यांग', देवांचे ठिकाण. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे २,००० मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे आपल्या सर्वांत उंच शिखराच्याही वर इथे गावे वसली आहेत. हे पठार म्हणजे एका थकलेल्या पण न विझलेल्या ज्वालामुखीचे अंगण होय. जागोजाग चिखल उकळतो, गंधकाचा वास येतो, आणि शेतांच्या मधून भूगर्भातील वाफ नेणारे जाडजूड नळ वीजघराकडे जातात. या वाफेवर तिथे ६० मेगावॉटचे वीजकेंद्र चालते.

या अंगणात आठ लहान देवळे उभी आहेत. त्यांची नावे अशी: अर्जुन, पुंतदेव, सुभद्रा, शिखंडी, सेमार, घटोत्कच, द्वारावती आणि भीम. पुंतदेव म्हणजे धर्मराज. सेमार मात्र आपल्या महाभारतात शोधून सापडणार नाही. तो जावाच्या छायानाट्यातला पांडवांचा लठ्ठ, विनोदी आणि सर्वांहून शहाणा सेवक. ही नावे देवळे बांधणाऱ्यांनी दिलेली नाहीत. ती मागाहून, गावकऱ्यांनी आपल्या आवडीच्या नाटकातली पात्रे आठवून दिली. मुळात ही शिवाची देवळे, सातव्या ते नवव्या शतकांतली. जावातल्या आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या देवळांत त्यांची गणना होते. अर्जुनाच्या देवळाजवळ एक शिलालेख सापडला. त्यावरचे वर्ष आहे शके ७३१, म्हणजे इ. स. ८०९. ती शिळा आता जकार्त्याच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पण ती जिथे सापडली त्या गवतावर उभा राहून मी मनाशी वजाबाकी केली, तेव्हा बाराशे वर्षांचे अंतर क्षणभर नाहीसे झाले.

या शकाची पुढची हकीकतही मौजेची आहे. १६३३ मध्ये मातारामच्या सुलतान आगुंगने इस्लामी पद्धतीचे चांद्र वर्ष सुरू केले. पण वर्षांची मोजणी नव्याने न करता शके १५५५ चा आकडाच पुढे चालू ठेवला. माणसांनी धर्म बदलला, वर्ष बदलले, आकडा मात्र सोडला नाही.

मात्र दिएंगला माझ्या मनात अधिक घर केले ते देवळांनी नव्हे, तर एका गटाराने! ऐकून हसू नका. पठार बशीसारखे आहे. चहूकडचे पाणी मध्ये साचते. देवळे बांधणाऱ्यांनी ते बाहेर काढून देण्यासाठी जमिनीखालून मोऱ्या खोदल्या होत्या. गावकरी त्यांना 'अश्वत्थाम्याचे बीळ' म्हणतात. पुढे दहाव्या शतकात राजसत्ता पूर्व जावाकडे सरकली, कालांतराने यात्रा आटली, मोऱ्या बुजल्या, आणि पाणी पुन्हा आपल्या जागी येऊन बसले. १८१४ मध्ये, जावावर इंग्रजांचा अंमल असताना, ही देवळे बाहेरच्या जगाच्या दृष्टीस पडली तेव्हा ती तळ्यात उभी होती. पाणी उपसून ती मोकळी करण्याचे काम त्या शतकाच्या मध्यावर झाले. म्हणजे या डोंगरावर राहायचे तर पहिले काम देवाचे नसून पाण्याचे आहे, हे त्या जुन्या लोकांनी ओळखले होते. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

सेंबुंगान तिथून सातआठ किलोमीटरांवर. उंची सुमारे २,३०० मीटर, आणि 'जावातले सर्वांत उंच गाव' अशी त्याची ख्याती आहे. गावाच्या पायाशी एक तळे, डोक्यावर सिकुनीर नावाची टेकडी. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, पण दिवेलागण झाल्यासारखा अंधार होता. ज्यांच्या घरी उतरलो ते सत्तरीचे गृहस्थ दाराशीच उभे होते. तिकडे वडीलधाऱ्याला 'पाक' आणि त्यांच्या पत्नीला 'बू' म्हणतात; म्हणजे बाबा आणि आई. मीही त्यांना तसेच म्हणू लागलो, आणि वय जवळपास सारखे असल्यामुळे तेही मला 'पाक' म्हणू लागले. दोन म्हातारे एकमेकांना बाबा म्हणत आहेत, हे पाहून माझ्या भाच्याची मोठी करमणूक झाली.

घर पक्क्या विटांचे, फरशीचे. पण सगळे बिऱ्हाड बसते ते मागल्या बाजूच्या चुलीभोवती. तिथेच चहा, तिथेच तळलेले तेम्पे, तिथेच गप्पा. तेम्पे म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली वडी. वोनोसोबोकडे तिला पिठाचे मोठे पांघरूण घालून तळतात. बूंनी मला बटाट्याचे कापही दिले. आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला बटाट्याचा चिवडा करतात असे मी सांगताच त्यांनी कृती विचारून घेतली. शेंगदाणे आणि साखर एकाच पदार्थात कशी, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटले नाही.

चुलीजवळ त्यांची पाचेक वर्षांची नात बसली होती. तिच्या केसांची जट झालेली पाहून मी चमकलो. दिएंगच्या पठारावर काही मुलांना लहानपणी तापानंतर अशी जट येते, आणि कोलोदेते नावाच्या मूळ पुरुषाचा तो प्रसाद आहे असे मानतात. ती केव्हाही कापत नाहीत. मूल स्वतः 'कापा' म्हणेल आणि त्या बदल्यात जे मागेल ते द्यायचे, मग विधीपूर्वक जट कापून पाण्यात सोडायची. २०१० पासून त्याचा एक मोठा उत्सवच पठारावर भरतो. आपल्याकडे मुलीला जट आली की देवीचे बोलावणे आले म्हणून किती जणींच्या आयुष्याची माती झाली, आणि ती जट कापावी म्हणून समाजसेवकांना किती दारे झिजवावी लागली, ते मला आठवले. तोच गुंता, पण इथे त्यातून पोरीला जन्माची सक्ती नव्हे, एक हट्ट पुरवून मिळतो. "काय मागणार ग?" असे भाच्याने विचारले. बू म्हणाल्या, "आधी शेळी म्हणत होती. आता अजून ठरत नाही. एकदा सांगितले की बदलता येत नाही ना!"

पाकांना मी त्यांचे वय विचारले. ते म्हणाले, "लेगेतांग गाडले गेले, त्याच्या आदल्या वर्षीचा माझा जन्म."

लेगेतांग ही त्या मुलखातली न विसरली जाणारी गोष्ट. पठाराच्या पश्चिमेकडे बातूर भागात हे सुखवस्तू शेतकऱ्यांचे गाव होते. १९५५ च्या एप्रिलमध्ये, १६ तारखेच्या रात्री पावसात शेजारच्या डोंगराचा माथा सुटला आणि गाव झोपेतच संपले. सुमारे साडेतीनशे माणसे गेली. आज तिथे बटाट्याची शेते आहेत आणि त्यांच्या मध्ये एक स्मारकस्तंभ. लोक सांगतात की गाव फार श्रीमंत झाले होते, माजले होते, नाचरंगात बुडाले होते. म्हणून देवाने शिक्षा केली.

मी हे ऐकत होतो, पण मन दुसरीकडे गेले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आमच्या पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर असाच डोंगर आला आणि दीडशेच्या वर माणसे त्याखाली गेली. मी नंतर महिन्याभराने तिकडे गेलो होतो. तिथे गाडली गेली ती भातखाचरात राबणारी साधी माणसे. त्यांना कोणी श्रीमंत म्हणाले नसते आणि माजलेले तर नाहीच. डोंगर पाप-पुण्याची वही ठेवीत नाही. मी पाकांना माळीणची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ निखारे सारीत बसले. मग म्हणाले, "माझी आत्या लेगेतांगला दिली होती. ती काही नाचरंगातली नव्हती."

दुसरी आठवण त्यांची स्वतःची. २० फेब्रुवारी १९७९ ची पहाट. सिनिला नावाचे विवर फुटले. धक्के आणि आवाज ऐकून कपुचुकान गावचे लोक पोराबाळांसह बातूरच्या रस्त्याने पळाले. आणि रस्त्यातच पडले. जमिनीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर आला होता. त्याला रंग नाही, आणि तो हवेपेक्षा जड म्हणून सखल जागी साचून राहतो. १४९ माणसे गेली. घाबरून पळणारा ज्या वाटेने जाईल, नेमक्या त्याच वाटेवर मरण निजले होते. पाक तेव्हा पंचविशीचे होते. "अंगावर जखम नाही, काही नाही. झोपल्यासारखे," एवढेच ते बोलले. २०११ मध्ये तिंबांग विवरातून पुन्हा तोच वायू निघू लागला, तेव्हा मात्र आसपासच्या वाड्यांतल्या लोकांना वेळीच हलवले गेले. शास्त्रज्ञांची उपकरणे आता त्या जागांवर पाळत ठेवून असतात. एवढे तरी शहाणपण १४९ माणसांच्या मोलाने आले.

संकटाला त्यांच्या भाषेत शब्द आहे 'बन्चाना'. तो मूळचा आपला 'वंचना', म्हणजे फसवणूक! इतरही शब्द मी वहीत टिपले. धोका म्हणजे 'बहाया', आपले भय. नफा म्हणजे 'लाबा', आपला लाभ. किंमत म्हणजे 'हर्गा', मूळ अर्घ. आपल्या 'महाग'मध्येही हाच अर्घ लपलेला आहे. हालअपेष्टांना ते म्हणतात 'सेंगसारा', आणि तो शब्द म्हणजे चक्क संसार. हे सांगितल्यावर बू इतक्या हसल्या, की त्यांना हा अर्थ आधीपासूनच ठाऊक असावा असे वाटले.

लाभ, अर्घ, भय आणि वंचना: या चार शब्दांत त्या गावाचा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास मावतो.

पाकांच्या लहानपणी गाव मक्याचा भात खाई. पांढरा भात सणाला. तंबाखू विकून मीठ-कापड येई, आणि ती तंबाखू डोक्यावरून खाली नेत. बटाटा डच लोकांनी जावात फार पूर्वी आणला होता आणि दिएंगलाही तो थोडाफार होता. पण १९८० च्या आगेमागे पश्चिम जावाच्या पांगालेंगानकडून नवे वाण आणि नवी पद्धत आली, आणि सारे पालटले. तीन-साडेतीन महिन्यांत पीक हाती. वर्षातून दोनदा, कधी तीनदा. शहरांत मागणी वाढत होती. घरे विटांची झाली, मशिदीला घुमट चढला, पोरे शाळेत गेली. ज्यांच्या आजांनी तालुक्याचे गाव पाहिले नव्हते ते मक्केला जाऊन आले. "बटाट्याला नावे ठेवणारा माणूस उपाशी राहिलेला नसतो," असे पाक म्हणाले. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहितो. कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचून कोणी त्या शेतकऱ्यांना शहाणपण शिकवायला निघू नये.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर शेतावर गेलो. उतार असा, की एका हाताने शेत धरून दुसऱ्या हाताने काम करावे. आणि एक गोष्ट माझ्यासारख्या अडाण्याच्याही लक्षात आली. वाफे डोंगराला आडवे नव्हते. वरून खाली, पाण्याच्या धारेच्या दिशेने ओढलेले होते. आपला कोकणातला किंवा मावळातला शेतकरी असे कधी करणार नाही. मी कारण विचारले. पाकांनी मुठीत माती घेतली. "इथे पाऊस फार, धुके फार. आडव्या वाफ्यात पाणी थांबते. पाणी थांबले की बटाटा कुजतो, करपा धरतो. उभ्या वाफ्यात पाणी निघून जाते."

"आणि माती?"

"तीही जाते."

दोन्ही वाक्ये त्यांनी एकाच सुरात म्हटली. जाणाऱ्या मातीची भरपाई कोंबडीखताने करतात. ते खालून मालमोटारींनी येते आणि त्याचा दर्प गावाच्या हवेत कायम असतो. बुरशीसाठी औषध, किडीसाठी औषध. बियाणे, खत आणि औषध उधारीवर, उधारी दलालाची, आणि दलालाची उधारी फेडायची तर पुढचे पीक पुन्हा बटाट्याचेच. एखाद्या वर्षी आडवे वाफे करून पाहावे, झाडे लावावीत, जमीन पडीक ठेवावी, असे मनात आले तरी हप्ता थांबत नाही. हे अज्ञान नव्हे. हा हिशेब आहे, आणि तो त्यांना तोंडपाठ आहे.

शिवाय या हिशेबात अनपेक्षित आकडेही येतात. जून ते ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि पहाटे शेत पांढरे दिसते. विषुववृत्तापासून अवघ्या सात अंशांवर हे हिम! २०१९ मध्ये त्याची छायाचित्रे देशभर गाजली आणि ते बघायला शहरातून माणसे लोटली. शेतकरी त्याला म्हणतात 'एम्बुन उपास', विषारी दव. कारण एका रात्रीत कोवळी रोपे काळी पडतात. पाहुण्यांची गंमत ती घरधन्याची नासाडी. मुळांना लागणारा सूत्रकृमीचा रोग २००३ मध्ये इंडोनेशियात प्रथम सापडला आणि पुढे दिएंगलाही पोचला. २०११ मध्ये परदेशी बटाटा स्वस्तात आला आणि भाव कोसळले, तेव्हा दिएंगचे शेतकरी गाड्या भरून जकार्त्याला गाऱ्हाणे घेऊन गेले होते. पाकांचा मुलगा त्यात होता.

आणि रान? त्याची कहाणी १९९८ ची. आर्थिक संकटात रुपिया कोसळला, मे महिन्यात सुहार्तोंची बत्तीस वर्षांची सत्ता गेली, आणि सरकारी जंगलावरचा धाकही गेला. चहूकडच्या डोंगरांवर लोकांनी कुऱ्हाड चालवली आणि माथ्यापर्यंत बटाटा नेला. "आम्हीही गेलो," पाक म्हणाले. "सगळे जात होते. आपण नाही गेलो तर दुसरा जाणार." हे सांगताना त्यांनी मान खाली घातली नाही, की वरही केली नाही.

या सगळ्याचा जमाखर्च पाहायचा तर डोंगर उतरून जावे लागते. दिएंगवर एक झरा आहे, 'तुक बिमो लुकार'. हे सेरायू नदीचे उगमस्थान. पांडव आणि कौरव यांच्यात नदी खोदण्याची पैज लागली आणि भीमाने ही नदी खोदून ती जिंकली, अशी तिथली कथा. दगडी तोट्यांतून पडणारे ते पाणी काचेसारखे स्वच्छ आहे. हीच नदी खाली उतरत बंजारनगारा जिल्ह्यात म्रिचाच्या धरणाला मिळते. म्रिचा म्हणजे मिरी, आपले मरीच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस विजेसाठी बांधलेल्या या धरणाला सेनापती सुदिर्मान यांचे नाव दिले आहे. परतीच्या वाटेवर आम्ही तिथे थांबलो. पाणी चहासारखे तांबूस होते, आणि जिथे जलाशय असायला हवा तिथे गाळाची बेटे वर आली होती. त्यांवर चक्क शेती चालली होती. ठरवलेल्या अंदाजापेक्षा फार वेगाने हे धरण गाळाने भरत आहे. मी पाकांच्या शेतावरची मूठभर माती आठवली. ती इथे निजली होती.

लेगेतांगचा डोंगर एका रात्रीत आला. हा डोंगर रोजच्या पावसात, वाफ्या-वाफ्याने उतरत आहे. पहिल्याला लोक देवाचा कोप म्हणाले. दुसऱ्याला नाव द्यायचे तर त्यांच्याच भाषेतला शब्द त्याच्या मूळ अर्थाने वापरावा लागेल: वंचना. ज्या पिकाने घर उभे केले तेच पीक घराखालची जमीन नेत आहे. आणि ते पीक सोडले तर घर चालत नाही.

मग पुढे काय? मी इतिहासाचा मास्तर. भविष्य सांगणे माझा धंदा नव्हे. पाहिले ते लिहितो. पाकांचा मुलगा आणि सून पाहुण्यांसाठी चार खोल्या चालवतात. सिकुनीरवरून सूर्योदय पाहायला सुटीच्या दिवशी पहाटे चारपासून शेकड्याने माणसे अंधारात चढतात. गावाला त्यातून पैसा येतो. पण तो सुट्यांचा पैसा, आणि गर्दीबरोबर कचरा येतो तो वेगळा. शेतांच्या बांधांवर 'कारिका' नावाची डोंगरी पपई लावलेली दिसते. तीही बटाट्याप्रमाणेच दक्षिण अमेरिकेच्या आंदीज पर्वतातली पाहुणी. पाकात घालून बरण्यांतून विकतात. बायकांचा तो घरचा उद्योग झाला आहे. खालच्या उतारांवर काहींनी कॉफी लावली आहे. कॉफीचे मूळ माती धरते, पण पहिले फळ यायला तीनेक वर्षे लागतात, आणि बटाटा तीन महिन्यांत पैसे देतो. मधली वर्षे कोणी सांभाळायची, हा त्या डोंगराचा खरा प्रश्न आहे. आणि तो एकट्या शेतकऱ्याने सोडवावा असे म्हणणे अन्यायाचे होईल. धरणाची वीज खालचे लोक वापरतात, बटाटा शहरे खातात. माती मात्र एकट्या पाकांच्या खात्यातून वजा होते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ते मला शेताच्या अगदी वरच्या टोकाला घेऊन गेले. तिथे अंगणाएवढा एक तुकडा निराळा दिसत होता. वाफे आडवे होते. त्यांच्या कडेने पाणी निघून जावे म्हणून बारीक चर काढलेले, चरांच्या तोंडाशी दगड, आणि बांधावर कारिकाची सात-आठ झाडे. मला एकदम अश्वत्थाम्याचे बीळ आठवले. पाणी थांबवायचे नाही, पण पळूही द्यायचे नाही. त्याला वाट काढून द्यायची. बाराशे वर्षांपूर्वी पठारावरच्या लोकांनी जे मोठ्या प्रमाणावर केले ते हा सत्तरीचा माणूस अंगणाएवढ्या तुकड्यात करून पाहत होता.

"कोणी शिकवले?" मी विचारले.

"कोणी नाही. खाते सांगते तसे थोडे, माझ्या मनाचे थोडे. मुलगा हसतो."

"पीक कसे आले?"

"उभ्या वाफ्यांपेक्षा कमी." ते वाकले आणि बोटाने माती उकरून पाहू लागले. "पण तिसरे वर्ष आहे. माती अजून इथेच आहे."

दुसऱ्या दिवशी निघताना बूंनी कारिकाच्या दोन बरण्या माझ्या पिशवीत घातल्या. नात दाराशी उभी होती. तिचे अखेर ठरले का, असे भाच्याने विचारले. तिने मानेने नाही म्हटले. कोणी तिला घाई करीत नव्हते.

एक बरणी प्रवासात फुटली. दुसरी या दिवाळीत फराळाबरोबर उघडणार आहे. दिनदर्शिका आली आहे. तिच्यावरचा शकाचा आकडा मी पाहून ठेवला. शके ७३१ पासून त्या डोंगरावर माणसे चढली, उतरली, पुन्हा चढली. पाकांच्या त्या तुकड्याचे यंदा चौथे वर्ष.